बादशहाचा बाण आणि अंबरचे शिर

व्यंगचित्र ही छापखान्याच्या मागोमाग आलेली विलायती कला, असा आपला समज आहे. परंतु जे रणांगणावर साधले नाही ते कागदावर साधून घ्यावे, ही राजकीय व्यंगचित्रामागची आदिम प्रेरणा ज्याला पाहावयाची असेल, त्याने निजामशाहीच्या उत्तरकाळातले एक मोगल चित्र पाहावे. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे.

इ. स. १६१६च्या सुमारास जहांगिराचा आवडता चितारी अबुल हसन याने ते काढले. मत्स्याच्या पाठीवर वृषभ, वृषभावर पृथ्वीचा गोल आणि त्या गोलावर उभा राहून धनुष्य ताणणारा बादशहा. समोर भाल्याच्या टोकावर खोवलेले, निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याचे शिर, त्याच्या मुखात रुतलेला बाण, आणि मस्तकावर घुबड. जवळच न्यायाचा तराजू. गोल हे सार्वभौमत्वाचे आणि घुबड हे अवकळेचे चिन्ह, हे सांगावयास भाष्यकार नको. अंबर हबशी, कृष्णवर्णाचा, एके काळचा गुलाम. म्हणून चिताऱ्याने त्याला रात्र केले आणि बादशहाला प्रकाश. मनुष्याच्या वर्णालाच त्याचे पातक ठरविणारी ही कुंचल्याची करामत मला बाणाहूनही क्रूर वाटते.

चित्राने माणूस पुसून टाकता येतो, ही समजूत खुद्द निजामशाहीच्या नगर दरबारातही होती. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या पोथीतील बहुतेक चित्रांतून हुसेन निजामशहाची राणी खुंझा हुमायून हिची आकृती मागाहून पुसलेली आहे. तेथे निदान सत्ता गमावलेल्या व्यक्तीची आकृती गेली होती. अंबरचे तसे नव्हते.

त्याचे शिर धडावरच होते. १६०० मध्ये नगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतल्यावर ज्या पुरुषाने मूर्तजा निजामशहाला तख्तावर बसवून बुडती दौलत सावरली, मराठे स्वारांना हाताशी धरून गनिमी काव्याने मोगलांची रसद तोडली, आणि ज्याच्या जमाबंदीची आठवण ‘मलिकंबरी धारा’ या नावाने पुढे कैक पिढ्या रयतेच्या तोंडी राहिली, तो बादशहाच्या हाती कधीच सापडला नाही. चित्र रंगल्यावर आठ वर्षांनी, १६२४ मध्ये, नगरजवळच्या भातवडीस, म्हणजे आजच्या भातोडीस, त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि विजापूरकर यांची छावणी चिखलात रुतविली आणि त्या संयुक्त फौजेचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. १६२६ मध्ये अंबर वृद्धापकाळी वारला आणि खुलताबादेस त्याची कबर झाली.

म्हणून नगरकरांना माझी विनंती आहे, की या चित्राची एक उत्तम प्रतिकृती आपल्या शहराच्या वस्तुसंग्रहालयात लावावी, आणि तिच्याखाली चित्राच्या सालाबरोबर भातवडीचेही साल लिहावे.