कूतचा वेढा आणि कडेवरचं नाव

रायपूरला बदली झाल्यापासून कामानिमित्त उरला औद्योगिक वसाहतीत जाणं होतं. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने, ट्रकच्या रांगा. 'उरला' ही पाटी मराठी माणूस मराठीतच वाचणार. मला ती वाचून आठवतात ते कूतच्या वेढ्यात उरलेले मराठे.

१९१५च्या नोव्हेंबरात बगदादच्या वाटेवर टेसिफोनला अडलेली सहावी पुणे डिव्हिजन मागे हटली आणि टायग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात अडकली. मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. १०३ म्हणजे आजची आपली जंगी पलटण. ७ डिसेंबरला वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ला शरणागतीनेच सुटला.

खडकवासल्याला आम्ही ही मोहीम नकाशावर शिकलो: बाण, तारखा, टाउनशेंडच्या चुका. शिपायाच्या ताटात काय होतं, हे नकाशावर नसतं. रसद आटली तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं. आपल्या बहुतेक शिपायांनी नाकारलं. गावाकडे जातीत घेणार नाहीत ही भीती होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी एप्रिल उजाडेपर्यंत फार थोडे तयार झाले. भाजीपाला नव्हताच. मग स्कर्व्ही आली. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उघडायच्या, बंदूक उचलवेना.

गंमत अशी, की मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. आपले लोक कोंड्यासकट आटा खात, ते त्यातून वाचले. गोऱ्यांना ताज्या मांसाने स्कर्व्हीपासून वाचवलं. दोघांची ताटं एकत्र केली असती तर दोन्ही रोग टळले असते. पण 'क' जीवनसत्त्व तेव्हा कुणी वेगळं काढलेलंच नव्हतं. शिपायाला हट्टी म्हणणारे लेखक मला पटत नाहीत. ज्या गावात परत जायचंय, त्याचा विचार तो करणारच.

शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर रास अल-ऐनला जुंपलं. भूक, हगवण, ताप. त्यांच्यासोबत राहिलेले बंगाली डॉक्टर कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी १९१७च्या मार्चमध्ये तिथेच तापाने गेले. त्यांची घरी लिहिलेली पत्रं होती, म्हणून आजीने त्यांचं चरित्र लिहिलं. साताऱ्याच्या किंवा कोकणातल्या ज्या पोराला सहीही येत नव्हती, त्याचं कोण लिहिणार?

ओटावाच्या संसद भवनात कॅनडाचा स्मृतिग्रंथ आहे. आजाराने गेलेल्या कोवळ्या पोरांचीही नावं त्यात आहेत आणि रोज एक पान उलटलं जातं. १९२९ला उभारलेल्या बसरा स्मारकावर मात्र आपल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली. शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा. आपल्या गावोगावच्या संगमरवरी पाट्याही तशाच: इतके गेले, इतके परतले नाहीत.

तरी एक जागा राहिली. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, शिपायाचीसुद्धा. घरात पणजोबांचं असं पदक देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत असेल, तर राजाचा मुखडा राहू द्या. भिंग घ्या आणि कड वाचा.