बलदंडाचा शिधा

सप्टेंबर १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये यूजेन सँडोने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत आर्थर कॉनन डॉयल होते. महिनाभर आधीच रॉबर्ट स्कॉटचे ‘डिस्कव्हरी’ जहाज अंटार्क्टिकाकडे निघाले होते. कमावलेल्या देहाचे वेड इंग्लंडभर पसरले होते, तो हा काळ. त्या जहाजावर वेल्समधल्या रोसिलीचा एडगर इव्हान्स हा धिप्पाड खलाशी होता. नौदलात त्याने व्यायामशिक्षकाचेही काम केले. मीही आयुष्यभर शाळेच्या मैदानावर पोरांना घडवले, म्हणून त्याची कहाणी माझ्या जिव्हारी लागते.

१९१० च्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतही स्कॉटने त्याला घेतले. त्याच्या कामाच्या उरकाबद्दल रोजनिशीत भरभरून लिहिले. ध्रुवाच्या पठारावर तट्टे नव्हती, कुत्री नव्हती. अंगाला पट्टे बांधून माणसांनीच स्लेज ओढायच्या. १९११ च्या अखेरीस बारा फुटी स्लेज कापून दहा फुटी करताना इव्हान्सच्या हाताला जखम झाली. त्या थंडीत ती भरून येईना.

आता शिधा पाहा. माणशी रोज बिस्किटे सुमारे ४५० ग्रॅम, पेमिकन, म्हणजे चरबीत मुरवलेले सुके मांस, ३४० ग्रॅम, साखर ८५ ग्रॅम, लोणी ५५ ग्रॅमच्या आसपास, शिवाय थोडा कोको आणि चहा. सगळे मिळून साधारण ४,५०० कॅलरी. हे माप हवेतून आले नव्हते. १९११ च्या हिवाळ्यात केप क्रोझियरच्या वाटेवर तिघांनी वेगवेगळी प्रमाणे स्वतः खाऊन पाहिली होती. पण ठरलेला वाटा सर्वांना सारखा. ध्रुवावर जाणाऱ्या पाच जणांपैकी पाच फूट चार इंचांच्या बॉवर्सला जेवढे, तेवढेच त्यांच्यात सर्वांत वजनदार असलेल्या इव्हान्सला. कोणत्याही तालमीतला वस्ताद हे ऐकून कपाळावर हात मारील. मोठा देह बसल्या जागीही जास्त खातो आणि इथे तर तो दिवसभर ओझे ओढत होता.

१७ जानेवारी १९१२ ला ते ध्रुवावर पोचले. रोआल्ड आमुंडसेन त्यांच्याआधी येऊन गेला होता. परतताना इव्हान्सची बोटे हिमदंशाने सुजली, नखे गळू लागली. तो हिमभेगेत पडला. १७ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी त्याने प्राण सोडला. जखम, थंडी, डोक्याला लागलेला मार, जीवनसत्त्वांचा अभाव, अशी अनेक कारणे डॉक्टर आजही मांडतात. उपासमार त्या सगळ्यांच्या मुळाशी होती, असे माझे ठाम मत आहे.

या मताला आधार पुढे मिळाला: १९९२-९३ मध्ये रनल्फ फाइन्स आणि डॉ. माइक स्ट्राउड यांनी स्लेज ओढत अंटार्क्टिका खंड पार केला. रोज पाच हजारांवर कॅलरी पोटात जाऊनही दोघांचे वजन प्रत्येकी २० किलोहून अधिक घटले. स्ट्राउडने शरीराचा खर्च शास्त्रीय रीतीने मोजला. काही दिवस तो दहा हजारांच्या वर गेला होता.

१९१३ मध्ये स्कॉटसह पाचही जण परतीच्या वाटेवर गेल्याची बातमी आली तेव्हा इंग्लंडमध्ये काहींनी इव्हान्सलाच दोष दिला: एवढा आडदांड गडी आधी ढासळला, त्याच्यापायी बाकीचे रखडले. हा अन्याय होता. त्या पिढीने छाती मोजली, दंड मोजले. त्या दंडांना रोज लागणारा घास मात्र देहागणिक मोजला नाही. इव्हान्सचे मन खचले असेल, तर ते उपाशी शरीरात खचले. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवत आलो: कसरत वाढवायची, तर आधी ताट वाढवा.