ग्रनाडाच्या डोंगरावरचा मोकळा रस्ता

माझे वडील सायकली दुरुस्त करायचे. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर आमचं दुकान होतं. तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची, पंक्चर काढून मिळायचं, हवा भरून मिळायची. बी.ए. होईपर्यंत माझेही हात ग्रीसनं काळे असायचे. पुढे कविता लिहू लागलो, चार लोक ओळखू लागले, पण नजर सायकलवाल्याचीच राहिली. कुठल्याही परक्या गावात गेलो की आधी रस्ता पाहतो. चढ किती, उतार किती, आणि मागून ट्रक येतो की नाही.

आज मी ज्या रस्त्याबद्दल बोलणार आहे, त्यावर मागून ट्रक येत नाही. हा रस्ता आहे स्पेनच्या दक्षिणेला, ग्रनाडा शहराच्या डोक्यावर.

ग्रनाडाला माझी भाची शिकायला होती. तिच्याकडे निघालो तेव्हा दोन माणसं दोन गोष्टी बोलली. मुशायऱ्यातले एक बुजुर्ग म्हणाले, 'मियाँ, वहाँ जाके दो आँसू बहाना.' आणि साहित्य मंडळातल्या एका जुन्या मित्रानं सहज विचारलं, 'तिथं तुमच्या लोकांचं राज्य होतं ना?' त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. पण 'तुमच्या' हा शब्द माझ्याबरोबर विमानात बसला आणि ग्रनाडापर्यंत आला.

राज्य होतं, ही गोष्ट खरी आहे. इ.स. ७११मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या. त्यानंतर पावणेआठशे वर्षं त्या देशाच्या लहानमोठ्या भागावर मुस्लिम सत्ता राहिली. तिचा शेवटचा तुकडा म्हणजे नासरी घराण्याचं ग्रनाडा. अलहंब्रा, म्हणजे 'तांबडा' राजवाडा, याच घराण्यानं बांधला. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान अबू अब्दुल्ला यानं शहराच्या किल्ल्या राणी इसाबेला आणि राजा फर्डिनंड यांच्या हवाली केल्या. स्पॅनिश लोक त्याला बोआब्दिल म्हणतात.

तहात लिहिलं होतं, की मुसलमानांचा धर्म, भाषा, मालमत्ता सुरक्षित राहील. पण तीनच महिन्यांत स्पेनमधल्या ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला. दहा वर्षांच्या आत ग्रनाडातल्या मुसलमानांवर सक्तीनं धर्मांतर लादलं गेलं, अरबी ग्रंथ जाळले गेले. १५६८ साली डोंगरातल्या आल्पुहारास भागात उठाव झाला, तो चिरडला गेला. आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख माणसं स्पेनमधून हाकलली गेली. ती तोवर कागदोपत्री ख्रिस्ती झालेली होती. पिढ्यान् पिढ्या त्याच मातीतली होती. तरी गेली.

शहराच्या दक्षिणेला एक खिंड आहे. तिला 'मूरचा उसासा' असं नाव आहे. दंतकथा अशी, की जाताना बोआब्दिलनं इथून वळून शहराकडे पाहिलं आणि तो रडला. तेव्हा त्याची आई म्हणाली, की जे पुरुषासारखं राखता आलं नाही, त्यासाठी आता बाईसारखा रड. इतिहासकार या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत, पण नाव टिकलं. मी भाचीला म्हटलं, 'आधी तिकडे जाऊ.' ती म्हणाली, 'मामू, वहाँ हायवे है. ट्रक की आवाज में उसासा भी सुनाई नहीं देगा.' आणि तिनं दुसरा रस्ता सुचवला.

ग्रनाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. त्याच्या पाठीशी सिएरा नेवाडा, म्हणजे 'हिमाळ डोंगररांग'. तिथलं वेलेता शिखर जवळजवळ ३,४०० मीटर उंच. आपली कळसूबाई दोनदा एकावर एक ठेवली, तरी शंभरेक मीटर कमी पडतील. या शिखराच्या माथ्याजवळपर्यंत डांबरी रस्ता जातो. युरोपातला तो सर्वांत उंच डांबरी रस्ता मानला जातो. १९३५च्या सुमारास तो वर पोहोचला. मोटारीतून बसल्या जागी बर्फ पाहता यावा, प्रवासी यावेत, हा हेतू. पुढे १९६०च्या दशकात बर्फावर घसरण्याच्या खेळाचं केंद्र झालं आणि मोटारींची रीघ लागली. १९९९ साली सिएरा नेवाडा राष्ट्रीय उद्यान झालं. त्यानंतर ओया दे ला मोरा या २,५०० मीटरवरच्या जागेपुढे खासगी मोटारींना बंदी आली. तिथं रस्त्यावर आडवा अडसर आहे. उन्हाळ्यात उद्यानाची छोटी बस तेवढी काही अंतर वर जाते. बाकी रस्ता पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा.

जुलै महिना होता. खालून सायकलवर येणं माझ्या वयाला झेपणारं नव्हतं. अडसरापर्यंत बसनं गेलो. पुढे बॅटरीची मदत असलेल्या भाड्याच्या सायकली घेतल्या. भाड्याची सायकल हातात घेताना मी सवयीनं ब्रेक दाबून पाहिले, चाक फिरवून पाहिलं. दुकानदार हसला. माणूस आपल्याच धंद्यातला आहे, हे त्यानं ओळखलं असावं.

वर झाड नाही. काळ्याकरड्या दगडांचा उतार, मध्ये बर्फाचे उरलेले पट्टे, रानबकऱ्यांचा कळप. एका बाजूला रेडिओ दुर्बिणीची मोठी पांढरी तबकडी. डांबर पुष्कळ ठिकाणी उखडलेलं. आवाज फक्त वाऱ्याचा आणि सायकलच्या साखळीचा. हवा विरळ होत गेली तशी बॅटरीही माझ्या छातीच्या मदतीला येईना. भाची मागे वळून म्हणाली, 'मामू, उतरो. चलते चलते जाएंगे.' उतरलो. सायकल हातात धरून चालायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही. पंक्चर झालेल्या सायकली लोक आमच्याकडे अशाच आणायचे.

एका वळणावर बसलो, तेव्हा भाचीनं या रस्त्याच्या अभियंत्याची गोष्ट सांगितली. त्याचं नाव हुआन होसे सांता क्रूझ. १९३६च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली, ग्रनाडा फ्रँकोच्या बाजूच्या सैन्यानं ताब्यात घेतलं आणि ऑगस्टमध्ये या माणसाला शहरातच गोळ्या घातल्या गेल्या. ज्यानं शहराला डोंगराच्या माथ्यावर नेलं, त्याला शहरानं वर्षभरही ठेवलं नाही. त्याच महिन्यात कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यालाही मारलं. विस्नार आणि आल्फाकार या दोन खेड्यांच्या मधल्या रस्त्यालगत. त्याचा देह आजवर सापडलेला नाही. तोही रस्ता शांत आहे, सायकलवाले त्यानं जातात. तिथं एक झरा आहे. त्याचं जुनं अरबी नाव ऐनुद्दमा, म्हणजे 'आसवांचा झरा'. अकराव्या शतकात या झऱ्याचं पाणी पाटानं ग्रनाडाच्या अल्बाइसिन वस्तीत आणलं होतं. लोर्का मारला गेला त्याच्या कित्येक शतकं आधी ते नाव पडलेलं होतं.

मी मोजत बसलो. आधी ज्यू गेले, मग मुसलमान, मग धर्म बदललेले मुसलमान. आणि १९३६ साली अभियंता, कवी आणि त्यांच्यासारखे हजारो. यातले शेवटचे तर कुठल्याही हिशेबानं 'बाहेरचे' नव्हते. 'तुमचे' आणि 'आमचे' ही यादी एकदा करायला घेतली, की ती कुठे थांबवायची हे यादी करणाऱ्यालाही कळत नाही. ग्रनाडात मला रडू आलं असेल तर ते या गोष्टीनं. सुलतानाच्या किल्ल्यांसाठी आलं नाही.

मग उरतं काय? याच डोंगरातून पूर्वी बर्फवाले उतरायचे. उन्हाळ्याच्या रात्री खेचरांवर बर्फ लादायचे आणि ऊन चढायच्या आत शहरात पोहोचवायचे. औषधाला, सरबताला. बर्फाचे कारखाने आले तेव्हा विसाव्या शतकात तो धंदा बुडाला. त्यांच्या वाटेचं नाव मात्र अजून 'बर्फवाल्यांची वाट' असंच आहे.

आणि उरले आहेत पाट. स्पॅनिशमध्ये पाटाला 'असेकिया' म्हणतात, हा शब्द अरबी 'अस्-साकिया'वरून आला. मुस्लिम काळात शेतकऱ्यांनी डोंगरभर हे पाट खणले. वितळत्या बर्फाचं पाणी ते उंचावरच्या मुरमाड जमिनीत सोडायचे. ते हळूहळू झिरपत खाली उतरायचं आणि पुढे उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना फुटायचं. आपण त्याला 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हटलं असतं. खणणारे हाकलले गेले, पण पाट चालू राहिले. विसाव्या शतकात पुष्कळ बुजले. २०१४ पासून ग्रनाडा विद्यापीठातले अभ्यासक, गावकरी आणि स्वयंसेवक फावडी घेऊन ते पुन्हा मोकळे करत आहेत. पाण्यानं त्यांना आडनाव विचारलेलं नाही.

शब्दांचंही तसंच. अलहंब्राच्या किल्ल्याच्या भागाला 'अल्काझाबा' म्हणतात. मूळ अरबी 'अल-कसबा'. पुण्याच्या कसबा पेठेतला कसबा तोच. त्यांची 'अथूकार' ही अरबी 'सुक्कर', आणि मागे गेलं तर आपली शर्करा. ती अरबांबरोबर तिथं पोहोचली आणि ग्रनाडाच्या किनाऱ्यावर ऊस उभा राहिला. मराठवाड्यातल्या माणसाला परक्या देशात उसाची गोष्ट ऐकू यावी, याहून घरगुती काय असतं?

शिखर काही मी गाठलं नाही. शेवटचे दोनेक किलोमीटर राहिले. स्वच्छ दिवशी तिथून समुद्रापलीकडे आफ्रिकेचे डोंगर दिसतात म्हणे. बोआब्दिल अखेर तिकडेच, फेज शहरात गेला. मी उतार धरला. ब्रेक हलके दाबत, एकाही हॉर्नशिवाय, पंचवीस मिनिटं. वडिलांची फार आठवण आली. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची चाकं सरळ केली, पण असा उतार त्यांच्या वाट्याला कधी आला नाही.

परत आल्यावर तो जुना मित्र भेटला. त्याला म्हटलं, 'तू विचारलं होतंस ना, आमच्या लोकांचं राज्य होतं का? राजाचं मला माहीत नाही, माझ्या घराण्यात कोणी राजा नव्हता. पण आमचे लोक तिथं होते. पाट खणत होते, रात्री बर्फ वाहत होते, रस्ता बांधत होते. एक जण भाड्यानं सायकली देत होता.'

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'भाडं काय घेतो रे तो?'

मी त्याला सांगितलं. मग आम्ही चहा मागवला.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)