अमली पदार्थांविषयी पालक-पाल्य संवाद

अमली पदार्थांविषयी पालक-पाल्य संवाद म्हणजे तंबाखू, मद्य, गांजा, गर्द, हुंगण्याची रसायने इत्यादी नशेच्या पदार्थांविषयी घरातील मोठ्या माणसांनी मुलांशी साधलेला संवाद होय. सेवन सुरू होण्यापूर्वी मुलाला खरी माहिती देणे आणि सेवन सुरू झाले असल्यास त्याला मदत मागण्याची वाट मोकळी ठेवणे, हे त्याचे दोन हेतू आहेत.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यातील तरुणांमध्ये ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, पसरले. पत्रकार व लेखक अनिल अवचट यांनी या विषयावर 'गर्द' हे पुस्तक लिहिले. अनिल अवचट आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसन हा आजार आहे आणि उपचारांत रुग्णासोबत कुटुंबाचाही सहभाग हवा, हा विचार अशा केंद्रांमुळे राज्यात रुजला.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर

ठाणे जिल्ह्यातील ही शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर आहेत. येथील अनेक पालक नोकरीसाठी लोकलने ठाणे-मुंबईला ये-जा करतात. त्यांच्याकडे संवादासाठी रात्रीचे जेवण किंवा सुटीचा दिवस एवढाच वेळ उरतो. दिवसभर मुलांजवळ असणारे आजी-आजोबा व शेजारी यांचे महत्त्व त्यामुळे वाढते. फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरात सिंधी, मराठी व हिंदी या भाषा बोलल्या जातात. मूल ज्या भाषेत मोकळेपणाने बोलते, त्याच भाषेत हा विषय काढणे योग्य ठरते.

संवादाची पद्धत

लहान वयात औषधे व घरातील रसायने न विचारता न घेण्याची सवय लावली जाते. पुढे तंबाखू, गुटखा, मद्य आणि मित्रांचा आग्रह हे विषय येतात. व्हाइटनर, थिनर व चिकटद्रव्ये सहज मिळत असल्याने त्यांचा उल्लेख आवश्यक असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार हुंगण्याच्या पदार्थांचे सेवन प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक प्रमाणात आढळले.

एकदाच दिलेल्या लांब उपदेशापेक्षा वारंवार केलेले छोटे संभाषण उपयुक्त असते. अतिशयोक्त भीती दाखवल्यास मुलांचा विश्वास उडतो. नकार कसा द्यावा, याचा घरी सराव करता येतो. घरातील मोठी माणसे स्वतः व्यसन करत असल्यास त्याविषयीही प्रामाणिकपणे बोलावे लागते.

अभ्यासातील घसरण, झोपेतील बदल, पैशांची वाढती मागणी किंवा एकलकोंडेपणा ही लक्षणे इतर कारणांनीही दिसतात. केवळ त्यांवरून आरोप करू नये. सेवन उघड झाल्यास मारहाण किंवा घराबाहेर काढणे टाळून मूल नशेत नसताना शांतपणे बोलावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूल बेशुद्ध असल्यास किंवा त्याला श्वास घेण्यास त्रास होत असल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

कायदा व मदत

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार बालकास मद्य, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांच्या भीतीने पालक अनेकदा उपचार टाळतात. तथापि अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ हे सेवन किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यांत स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ व बालकांसाठी १०९८ हे राष्ट्रीय मदत क्रमांक आहेत.