पायविहीरचं रान कोणी राखलं?

परतवाड्याच्या पुढं, मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे कोरकू गाव आहे. तिथलं रान पार उजाड झालं होतं. जंगल सरकारचं, आपण काहून राखावं, असं चाले. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गावाला सामूहिक हक्क मागता आला. 'खोज' संस्थेनं दाव्याच्या कामात मदत केली अन् 2012 मध्ये सुमारे 193 हेक्टरवर हक्क मिळाला.

खरं काम त्यानंतरचं. हक्क मिळाला म्हणजे रान सगळ्यांना मोकळं नाही झालं. उलट आपल्याच माणसाला अडवावं लागलं. कुऱ्हाड बंद, चराईला आळा, गस्त गावकऱ्यांचीच. ज्याच्याकडं वावर नाही, फक्त बकऱ्या आहेत, त्याले नाही म्हणणं सोपं नसते बाप्पा! पण रोजगार हमीतून चर खोदणं, झाडं लावणं सुरू झालं, मजुरी गावातच राहिली. सीताफळ कच्चं तोडायचं नाही, हा नियम केला. विक्रीही ग्रामसभेनं हाती घेतली.

आपल्या मोर्शीकडच्या ई-क्लास जमिनी बघा. चरायला सगळे, राखायला कोणी नाही. आमच्या गावानंही एकदा चराईबंदी केली होती. दोन महिने टिकली. बकऱ्यांनी खायचं काय, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.