कल्याण : खाडीकाठचे विस्मृत बंदर

उल्हास नदीच्या खाडीवर वसलेले कल्याण आज रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून परिचित आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी या शहराची ख्याती थेट भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कल्लिएना’ बंदराचा उल्लेख आढळतो. तेथे जाणाऱ्या ग्रीक जहाजांना अडवून पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे त्यात नमूद आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातील संघर्षाची ही व्यापारी बाजू होय.

नाणेघाट उतरून येणारा देशावरचा माल येथे जहाजांवर चढत असे. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी व सोनाराने दिलेल्या दानांची नोंद कान्हेरीच्या शिलालेखांत आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने येथून पितळ, शिसवी लाकूड व कापड निर्यात होत असल्याचे लिहून ठेवले.

१६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी जिंकली आणि याच खाडीत गलबते बांधण्यास प्रारंभ केला. मराठा आरमाराची मुहूर्तमेढ येथे रोवली गेली. १७८० मध्ये शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले. मुंबई बंदराचा उत्कर्ष, खाडीत साचणारा गाळ आणि १ मे १८५४ रोजी येथवर आलेली रेल्वे यांमुळे जलमार्गाचे महत्त्व ओसरत गेले.

पर्यटकांनी प्रथम दुर्गाडी किल्ला पाहावा. येथील दुर्गादेवीच्या दर्शनासाठी नवरात्रात मोठी गर्दी होते. बुरुजावरून खाडीचे वळण दिसते आणि बंदरासाठी हीच जागा का निवडली गेली, ते उमगते. जुन्या वस्तीतील सुभेदार वाडा व काळा तलाव ही ठिकाणेही पाहण्याजोगी आहेत. भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ मध्ये याच शहरात झाला. जवळच अंबरनाथला शिलाहारकालीन शिवमंदिर असून त्यातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. लोनाडची लेणीही फार दूर नाहीत.

इमारतींच्या गर्दीत प्राचीन बंदराच्या खुणा जवळजवळ लोपल्या आहेत. खाडी मात्र अजून वाहते आहे. गाळ, भराव आणि सांडपाणी यांपासून ती वाचली, तरच कल्याणच्या इतिहासाचा हा सर्वांत जुना साक्षीदार पुढील पिढ्यांना पाहता येईल.