जुन्या धुलाईयंत्रांच्या खुणा

आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. परंतु घाटावर साठसत्तर घरांचे गठ्ठे एकत्र सुटले, तरी कोणते धोतर कोणाचे हे ती पदराच्या कोपऱ्यातील बिब्ब्याची खूण पाहून तत्काळ सांगत असे. दोन ठिपके व खाली आडवी रेघ म्हणजे वकीलसाहेब, नुसती फुली म्हणजे स्टेशनमास्तर. ही खुणांची विद्या आपल्या ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचे स्मरण आम्हांस सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील आयोवा राज्यात एका शेतावरील लिलावात व्हावे, हा एक योगच म्हणावयाचा.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही कन्या व जावई यांच्याकडे तीन महिने राहावयास गेलो होतो. त्या देशी एखादे वृद्ध शेतकरी जोडपे शेती आटोपती घेते, तेव्हा गोठ्यातील व घरातील सर्व सामान अंगणात मांडून त्याचा जाहीर लिलाव करतात. अशा एका लिलावात चार पायांवर उभे असलेले चौकोनी ॲल्युमिनियमचे टाके आमच्या दृष्टीस पडले. त्याच्या माथ्यावर कपडे पिळण्याचे दोन रबरी रूळ होते. लिलाव पुकारणारा म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीचे आहे." आम्ही ते खरे मानून वहीत टिपूनही घेतले. परंतु आमच्याबरोबर आलेले शेजारचे वृद्ध गृहस्थ, ज्यांची हयात शेतीची यंत्रे दुरुस्त करण्यात गेली होती, ते हसले. त्यांनी रुमालाने यंत्रावरील धूळ पुसली, एक लहानशी धातूची पट्टी उघडी केली, आणि तीवरील अक्षरे आम्हांस वाचावयास लावली. पहिले अक्षर 'ई' होते. "हे मेटॅगचे ई जातीचे यंत्र," ते म्हणाले. "१९३९ च्या आधी हे बनतच नव्हते."

आजीची फुली आणि ही पट्टी यांत आम्हांस फरक दिसला नाही. त्या दिवसापासून परत येईपर्यंत आम्ही हाच एक अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले ते येथे ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक कबुली देणे प्राप्त आहे. विजेवर चालणाऱ्या धुलाईयंत्राचा शोध शिकागोच्या आल्व्हा फिशर याने लावला, असे आम्ही तीस वर्षे वर्गात सांगत आलो. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तसेच छापलेले असे व आम्हीही कधी शंका घेतली नाही. फिशरला पेटंट मिळाले ते ९ ऑगस्ट १९१० रोजी, क्रमांक ९,६६,६७७. परंतु ऑलिव्हर वुड्रो याचे विजेच्या धुलाईयंत्राचे पेटंट १९०९ चे असून त्याचा क्रमांक ९,२१,१९५ आहे. पेटंटाचे क्रमांक चढत्या क्रमाने दिले जातात, म्हणजे कोण आधी हे सांगावयास इतिहासकार नको, तिसरीतला मुलगाही सांगेल. फिशरचे यंत्र हर्ले कंपनीने 'थॉर' या नावाने बाजारात आणले व ते गाजले, एवढे खरे. ज्या विद्यार्थ्यांना आम्ही चुकीचे उत्तर शिकवून गुण दिले, त्यांची येथे क्षमा मागतो. हाताने फिरवावयाची यंत्रे तर याहून पुष्कळ जुनी. इंग्लंडात हेन्री सिजियर याने फिरत्या पिंपाचे पेटंट १७८२ सालीच घेतले होते.

आता खुणांकडे वळू. टाके कशाचे आहे, हे पाहणे ही पहिली पायरी. लाकडी पिंप असेल तर यंत्र बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतले. तांब्याचे टाके त्यानंतरचे. ओतीव ॲल्युमिनियमचे टाके मेटॅग कंपनीने १९१९ मध्ये आणले. ही कंपनी आयोवातीलच न्यूटन गावची. १८९३ मध्ये तिचा जन्म झाला तो मळणीयंत्राचे भाग करण्यासाठी. पण हंगाम संपला की कारखाना रिकामा राही, म्हणून १९०७ पासून तिने धुलाईयंत्रे बनविण्यास आरंभ केला. जोडधंदा मुख्य धंद्यावर कसा कुरघोडी करतो, याचे हे उत्तम उदाहरण. १९२२ मध्ये तिच्या हॉवर्ड स्नायडर या कारागिराने टाक्याच्या तळाशी फिरणारी रवी बसविली. पूर्वीची यंत्रे कपडे पाण्यातून ओढीत. ही रवी पाणीच कपड्यांतून घुसळून काढी. ताक घुसळणाऱ्या आपल्या बायकांस हे तत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा झाकण उघडून आत डोकवावे: रवी वरच्या झाकणातून लोंबत असेल तर यंत्र जुन्या पद्धतीचे, तळातून वर आलेली असेल तर नव्या पद्धतीचे, असा सर्वसाधारण नियम.

त्यानंतर यंत्राच्या पोटाखाली पाहावे. तेथे विजेच्या मोटारीऐवजी पायाने दाबून चालू करावयाचे छोटे पेट्रोलचे इंजिन आढळले, तर ते यंत्र वीज न पोहोचलेल्या शेतघरातले. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. हे ऐकून आम्हांस नवल वाटले, कारण अमेरिका म्हणजे जन्मतःच दिवे लागलेला देश, अशी आमची समजूत होती. मेटॅगचे असे इंजिन १९१४ च्या सुमारास निघाले. दोन सिलिंडरांचे, बहात्तर क्रमांकाचे इंजिन १९३७ पासूनचे. त्याचा धूर लवचीक धातूच्या नळीने खिडकीबाहेर सोडावा लागे. आज शौकीन लोक ही इंजिने जपतात, पण ज्या टाक्यांखाली ती होती ती टाकी पुष्कळदा मोडीत गेली. त्यामुळे इंजिनासह संपूर्ण यंत्र मिळाले तर ते भाग्याचे समजावे.

पट्टी वाचण्याची रीत मात्र सावकाश शिकण्यासारखी आहे. पट्टीवर पेटंटाची तारीख असते, व पाहणारे तीच यंत्राची जन्मतारीख समजतात. ही चूक आहे. पेटंट एका वर्षीचे आणि यंत्र त्यानंतर पंधरा वर्षांनी बनलेले, असे सर्रास घडते. तारखेवरून एवढेच कळते की यंत्र त्याच्या आधीचे नाही. पेटंटांचे नुसते क्रमांक असतील, तर त्यांतला सर्वांत मोठा क्रमांक घ्यावा. अमेरिकेत दहा लाखांवे पेटंट १९११ मध्ये, वीस लाखांवे १९३५ मध्ये व तीस लाखांवे १९६१ मध्ये दिले गेले. पट्टीवर एकही क्रमांक वीस लाखांच्या पुढचा असला, की १९२८ चे यंत्र म्हणून सांगणाऱ्यास नम्रपणे नमस्कार करून पुढे जावे. विजेच्या आवर्तनांसाठी 'सायकल' हा शब्द असेल तर यंत्र जुने. पुढे त्या जागी 'हर्ट्‌झ' आला. दुसऱ्या महायुद्धाचेही स्मरण ठेवावे. १९४२ मध्ये घरगुती धुलाईयंत्रांचे उत्पादन थांबवून ते कारखाने युद्धसामग्रीस जुंपले गेले व १९४५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तेव्हा कोणी १९४३ चे यंत्र विकावयास आणले, तर एक तर तो भुलला आहे किंवा आपणांस भुलवीत आहे.

नावावरही जाऊ नये. सीअर्स या मोठ्या दुकानाने 'केनमोर' नावाची लक्षावधी यंत्रे विकली, पण ती स्वतः कधी बनविली नाहीत. खरा कर्ता पट्टीवरील क्रमांकाच्या पहिल्या तीन आकड्यांत लपलेला असतो. ११० असेल तर यंत्र व्हर्लपूलच्या कारखान्यातले. पोशाख एकाचा व शरीर दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

आपोआप धुऊन, खंगाळून, पिळून देणारे पहिले घरगुती यंत्र बेंडिक्स कंपनीचे, १९३७ चे. समोर गोल काचेचे दार, ही त्याची खूण. ते इतके हादरे कीं त्यास जमिनीत बोल्टांनी जखडावे लागे. यंत्र केव्हाच गेले, पण तळघराच्या फरशीत त्याची भोके मात्र राहिली, असेही होते. वरून झाकण असलेली स्वयंचलित यंत्रे युद्धानंतर, १९४७ च्या सुमारास आली. त्यांपैकी फ्रिजिडेअरच्या यंत्रातील रवी गोल न फिरता मुसळासारखी वरखाली होई, त्यामुळे झाकण उघडताच ते ओळखता येते. गुलाबी व फिकट निळे रंग पन्नाशीच्या दशकातले. करडा हिरवा व पिकल्या गव्हाचा पिवळा साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचे.

वाळविण्याच्या यंत्राची कथा थोडक्यात सांगतो, कारण आपल्याकडे सूर्यनारायण ते काम फुकट करतो. नॉर्थ डकोटातील रॉस मूर नावाच्या माणसास कडाक्याच्या थंडीत कपडे बाहेर वाळत घालण्याचा कंटाळा आला, म्हणून त्याने तापत्या पिंपाची कल्पना काढली. ती १९३८ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅमिल्टन कंपनीने यंत्ररूपाने विकावयास आणली. ही कंपनी मूळची छापखान्यांसाठी लाकडी टाइप कोरणारी, हे कळल्यावर आमच्यातील मास्तर सुखावला. यंत्राचे नाव त्यांनी ठेविले 'जून डे'. त्यांच्याकडे जून म्हणजे कपडे वाळविण्याचा उत्तम महिना. आपल्याकडे त्याच महिन्यात आमची आई दोरीवरील ओलसर सदरे चुलीवर धरीत असे.

आमच्या वडिलांचा मात्र या सर्व यंत्रजातीवर राग होता. "यंत्राने आपल्या हातची भट्टी नेली," असे ते अखेरपर्यंत म्हणत. त्यांचे म्हणणे खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अमेरिकेच्या इतिहासात आम्हांस त्यांना सांगण्यासारखे काही सापडले, तेव्हा ते ऐकावयास नव्हते. यंत्र नव्हते तेव्हाही धुणाऱ्याचे हाल काही कमी नव्हते. १८८१ च्या जुलैत अटलांटा शहरात वीस धोबिणींनी संघ स्थापिला. त्या कृष्णवर्णीय होत्या, आणि गुलामगिरी नष्ट होऊन पुरती दोन दशकेही लोटली नव्हती. बारा पौंड कपड्यांस एक डॉलर असा सारखा दर मिळावा, एवढेच त्यांचे मागणे. तीन आठवड्यांत त्या तीन हजार झाल्या. नगरपालिकेने त्यांना नमविण्यासाठी वर्षाला पंचवीस डॉलर परवाना-फी बसविण्याचा घाट घातला. त्यांनी महापौरास कळविले की पंचवीस काय, पन्नासही भरू, पण दर आमचा आम्ही ठरवू. अखेर ती फी बसविण्याचा बेत पालिकेने सोडून दिला. हातांनी कपडे धुणाऱ्या स्त्रियांनी हे केले. आमच्या मते आपल्या ज्ञातीतील मुलींस ही हकीकत शाळेत शिकविली पाहिजे.

यंत्राने गृहिणीचे कष्ट हरले, हेही अर्धेच खरे. रूथ श्वार्ट्‌झ कोवन या विदुषीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की जे कपडे बाहेर धुवावयास जात ते यंत्र आल्यावर घरीच धुतले जाऊ लागले, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, आणि गृहिणीचे तास फारसे उतरले नाहीत. शिवाय ते रबरी रूळ मोठे घातकी. लिलावास आलेल्या एका वृद्ध बाईने आपला डावा हात आम्हांस दाखविला. त्या सहा वर्षांच्या असताना बोटे रुळांत सापडली व यंत्र कोपरापर्यंत हात ओढून गेले. सत्तर वर्षांनंतरही त्वचा सुरकुतलेल्या कागदासारखी होती. म्हणून कोणी असे यंत्र मिळविल्यास हौसेने ते विजेला जोडून पाहू नये. जुन्या तारेवरील रबर तडकलेले असते व जमिनीस जोडणारी तिसरी तार बहुधा नसतेच.

न्यूटनला आम्ही मुद्दाम गेलो. रूळवाली यंत्रे मेटॅगने १९८३ पर्यंत बनविली. २००६ मध्ये ती कंपनी व्हर्लपूलने घेतली, आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. ज्यांच्या यंत्रांनी जगभर भट्ट्या विझविल्या असे आमचे वडील समजत, त्या गावच्या कामगारांच्या हातचे कामही असे गेले. तेथील जिल्हा-संग्रहालयात ती यंत्रे ओळीने मांडून ठेविली आहेत. प्रत्येकाखाली साल लिहिलेले. कोलोरॅडोत ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांनी तर हजाराहून अधिक धुलाईयंत्रे जमविली.

आणि आपल्याकडे? आपल्या प्रांतात घरोघर जी दोन टाक्यांची यंत्रे आली ती ऐंशीच्या दशकानंतर. त्यांपैकी व्हिडिओकॉनची तर तेव्हाच्या औरंगाबादचीच. ती कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली. आमच्या घरी पहिले यंत्र आम्ही १९९४ मध्ये फंडातून कर्ज काढून आणले. वडील आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. आईने मात्र पहिल्या दिवशी ते चालू असता झाकणावर तळहात ठेवला, व ते थांबेपर्यंत उचलला नाही. रिठ्याच्या व पापडखाराच्या पाण्याने त्या हाताची बोटे कायमची वाकली होती.

ते यंत्र २००९ मध्ये आम्ही भंगारवाल्यास साडेचारशे रुपयांस दिले. त्याच्या पाठीवर पट्टी होती हे आठवते. तीवर काय लिहिले होते, ते आम्ही कधी वाचले नाही. परक्या देशातील यंत्राचे अक्षर न्‌ अक्षर आज आम्हांस पाठ आहे, आणि आईने ज्यावर हात ठेवला त्याचा क्रमांक आम्हांस सांगता येत नाही.

कोणा ज्ञातिबंधूच्या माळ्यावर वा परसात असे जुने यंत्र, इस्त्रीची भट्टी अथवा आजीच्या हातची बिब्ब्याच्या खुणांची यादी शिल्लक असेल, तर पट्टीवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून संस्थेच्या कार्यालयात आमच्या नावे पाठवावा. भंगारवाल्यास बोलाविण्यापूर्वी पाठवावा, एवढीच विनंती.